सूर्य परत येईपर्यंत थांबू नकोस

सोलापूर,
जानेवारी अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मानेच्या डाव्या बाजूला आलेली गाठ, रात्री पांघरूण ओले करणारा घाम आणि दोन भोके आत गेलेला कमरेचा पट्टा, या तीन गोष्टी तू हवामानाच्या वर्णनानंतर जाता जाता लिहिल्या आहेस. मी मात्र उत्तराची सुरुवात त्यांच्यापासूनच करतो, कारण स्वालबार्ड बेटांवरच्या तुझ्या लाँगइयरब्येन गावातील दवाखान्याच्या डॉक्टरांनी तुला नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रोम्सोला जाण्यास सांगितले आहे आणि तू 8 मार्चपर्यंत, म्हणजे तिथे सूर्य परत दिसेपर्यंत, थांबण्याचे ठरवले आहेस, हे मला मुळीच पटलेले नाही.

गाठ दुखत नाही, तेव्हा काळजीचे कारण नसावे, असे तू लिहितोस. पॅथॉलॉजीच्या कामात माझे केस पांढरे झाले, आणि हे वाक्य मी यंत्रमागावरच्या कामगारांकडून, विडी वळणाऱ्या बायकांकडून आणि चांगल्या शिकलेल्या प्राध्यापकांकडूनही ऐकत आलो आहे. दुखणारी गाठ बहुधा जंतुसंसर्गाची असते. न दुखता, रबरासारखी घट्ट होत वाढणारी गाठच आम्हाला अधिक खटकते. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की आधी टीबी आठवतो आणि पुष्कळदा तो अंदाज खराही ठरतो. परंतु घाम, ताप आणि वजनातील घट ही लक्षणे टीबीप्रमाणेच लिंफोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचीही असतात आणि नुसत्या हाताच्या स्पर्शाने किंवा रक्ताच्या तपासणीने हा वाद मिटत नाही. तुला लिंफोमाच झाला आहे, असे मी म्हणत नाही. पक्के निदान होण्यासाठी शक्य असल्यास पूर्ण गाठ काढून तपासावी लागते, कारण सुईने घेतलेल्या थोड्या पेशींवरून लिंफोमाचा नेमका प्रकार सांगणे अवघड जाते. ही तपासणी, सीटी स्कॅन आणि पुढचे उपचार तुझ्या गावातील लहानशा रुग्णालयाच्या आवाक्यातले नाहीत, म्हणूनच तिथले डॉक्टर तुला समुद्रापलीकडे पाठवत आहेत.

आता 8 मार्चविषयी. सूर्याचे पहिले किरण जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पडतात, सारे गाव तिथे जमते आणि कित्येक महिन्यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर ऊन दिसते, हे तू इतक्या आत्मीयतेने लिहिले आहेस की तो सोहळा चुकवू नये असे मलाही क्षणभर वाटले. पण मी सोलापुरात बसलो आहे, आणि ‘गड्ड्याची जत्रा होऊन जाऊ द्या, मग दाखवतो’ असे म्हणणारी माणसे मला दर जानेवारीत भेटतात. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाली की पोरीचे लग्न निघते, लग्न झाले की पेरणी येते. वेगाने वाढणारा लिंफोमा असेल, तर सहा आठवड्यांत गाठी छातीत आणि पोटात पसरू शकतात.

तुझी दुसरी योजना मला अधिक काळजीची वाटली. किमो घ्यावा लागलाच, तर दर 21 दिवसांनी विमानाने ट्रोम्सोला जाईन आणि मधले दिवस वर्कशॉपमध्ये काढीन, असे तू लिहितोस. कागदावर हे सरळ दिसते, कारण विमानाला दोन तासही लागत नाहीत. परंतु किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि त्या काळात 38 अंशांवर ताप चढला तर शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे लागते. कधी रक्त आणि प्लेटलेटही चढवाव्या लागतात. वादळामुळे हवाई रुग्णवाहिका अडकून पडली, तर मधल्या 950 किलोमीटरच्या समुद्राला तू काय सांगणार आहेस? उपचार संपेपर्यंत मोठ्या रुग्णालयाजवळच राहावे लागेल, मग ते ट्रोम्सो असो की आपल्याकडचे पुणे, मुंबई किंवा बार्शी. बार्शीचे नाव वाचून हसू नकोस. 1987 पासून तिथे ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंदणी चालते, कार्यकर्ते खेड्याखेड्यांत जाऊन लोकांना लवकर तपासून घ्यायला सांगतात, आणि तू सगळे समजत असूनही थांबून बसला आहेस.

दक्षिण ध्रुवावरच्या डॉक्टर जेरी नील्सन यांचे उदाहरण तू धीर मिळावा म्हणून दिले आहेस. मी ते उलट बाजूने वाचतो. 1999 च्या हिवाळ्यात त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ सापडली, तेव्हा तिथे विमान उतरणे शक्यच नव्हते. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच गाठीतून पेशी काढल्या, जुलैमध्ये विमानातून टाकलेली औषधे घेतली, आणि ऑक्टोबरमध्ये विमान उतरताच त्या निघाल्या. अंटार्क्टिकावरील आपल्या भारतीय ‘मैत्री’ तळाच्या शेजारी असलेल्या रशियन तळावर लिओनिद रोगोझोव्ह यांनी 1961 मध्ये स्वतःचे अपेंडिक्स काढले, तेही दुसरा डॉक्टर मैलोगणती नव्हता म्हणून. या दोघांना तुझ्यासारखे नियमित विमान मिळाले असते, तर ते पहिल्याच दिवशी त्यात बसले असते, याविषयी मला शंका नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव तू काढलेस, ते मात्र मला खटकले. आपण दोघेही त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो, आणि वयाच्या 32 व्या वर्षी चीनमध्ये मरण पावलेल्या या डॉक्टरांचा आपल्या गावाला अभिमान वाटतो तो रास्तच आहे; पण त्यांच्याभोवती जखमी सैनिक होते. तुझ्याभोवती स्नोमोबाइलची इंजिने आहेत, जी दुसरा कोणीही दुरुस्त करील.

तिथे मरायला बंदी आहे, हा तुझा विनोदही वाचला. कायदा तसा नाही, हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. कायम गोठलेल्या जमिनीत शवपेट्या पुरणे थांबवले आहे, एवढेच. पण त्यामागची व्यवस्था खरी आहे: प्रसूतीसाठी बायका तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात, आणि वृद्धांची सेवा करणारी सोय तिथे नाही. ते गाव धडधाकट माणसांसाठी वसवलेले आहे, आणि आजारी माणसाने काही काळ बाहेर जाणे हा तिथल्या नागरिकत्वाचाच भाग आहे. गाव सोडून पळ काढतो आहे, असे तुला वाटण्याचे कारण नाही.

व्हिसाचे आजच पाहा. स्वालबार्डला तो लागत नाही, पण ट्रोम्सो शेंगेन या युरोपातील सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात येते. रुग्णालयाचे पत्र जोडून अर्ज कर, आणि परतीचाही प्रवेश मिळेल याची खात्री करून घे. तुझ्या मालकामार्फत तू नॉर्वेच्या विमा योजनेत आहेस की नाही, हेही लेखी विचार, कारण स्वालबार्डमध्ये पैशाअभावी राहू न शकणाऱ्याला गव्हर्नर परत पाठवू शकतात.

लिंफोमा निघालाच, तर तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या वेगवान प्रकारात निम्म्याहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यांपैकी काहींचे अहवाल मीच लिहिले आहेत आणि ते मंगळवार पेठेच्या बाजारात मला पिशवी घेऊन भेटतात.

आईंना अजून काही सांगितलेले नाही, असे तू लिहिले आहेस. त्या तुझ्या आवाजातला बदल ओळखतील, म्हणून तूच सांग, आणि मी त्या वेळी त्यांच्याजवळ बसलेला असेन अशी वेळ ठरव. वहिनींना मी अजून काही बोललेलो नाही. ट्रोम्सोची तारीख मिळताच कळव, गाठीचा अहवाल आणि जमल्यास सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या काचांची छायाचित्रे पाठव. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पार्सलने कुठल्या पत्त्यावर पाठवायची, तेही लिही. लाँगइयरब्येनच्या पत्त्यावर मी ती पाठवणार नाही.

तुझा,
शाळेपासूनचा सोबती