नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख

रविवार, ३ मार्च २०१९

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन लागत नाही, लागला तर तू "नंतर बोलतो" म्हणतोस, आणि मला जे बोलायचं आहे ते सूनबाईसमोर बोलता येत नाही. म्हणून ५६ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, पत्ता घालून लिहायला बसले. शाळू काढून झाला. कडब्याची गंज अजून रचायची आहे, माणूस मिळत नाही. उद्या महाशिवरात्र.

बुधवारी रात्री फोनवर तू जे बोललास त्याबद्दल मी लिहिणार नाही. तू दमला होतास, रजा अर्धी टाकून गेलेला, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर तेच फिरत होतं, पाकिस्तानात पकडला गेलेला आपला वैमानिक अभिनंदन, डोळ्याला पट्टी बांधलेला तो पोरगा आणि तोंडावर रक्त. मी एकदाच बघितलं. पुन्हा कुणी दाखवायला आलं तर मी तोंड फिरवायची. आप्पा असते तर म्हणाले असते, जिनिव्हाच्या युद्धकैद्यांच्या कागदात लिहिलंय, कैद्याचा तमाशा करायचा नसतो. त्यांना त्या कागदातलं एवढंच पाठ होतं. तमाशा करायचा नाही, मारायचं नाही, आणि कैद्यानं सांगायचं ते नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. तू लहान असताना तुला पाढ्यांसारखं म्हणून दाखवायचे. आठवतं का?

शुक्रवारी दुपारपासून आपल्या घरात टीव्हीसमोर निम्मी आळी बसली होती. अटारीच्या सीमेवर सकाळपासून ढोल, हार, झेंडे घेऊन माणसं उभी होती, संध्याकाळचा परेडचा कार्यक्रमसुद्धा आपल्या बाजूनं रद्द केला होता. आत्ता येईल, मग येईल, असं करत रात्रीचे नऊ वाजून गेले. पिल्लू माझ्या मांडीवर झोपला. मग ते दार उघडलं आणि अभिनंदन साधा कोट घालून चालत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धाकट्या वन्संनी तर टीव्हीलाच ओवाळलं. मी त्याच्या पायांकडं बघत होते. माणूस ताठ चालतो, पण टाच टेकताना जपून टेकतो. तशी चाल मी एकदा घरात बघितली आहे.

तुला यातलं फार सांगितलेलं नाही. आप्पा असेपर्यंत त्यांच्यासमोर हा विषय नको असायचा, आणि ते गेल्यावर मलाच नको झाला.

१९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा, आप्पा जम्मूकडं छांबच्या आघाडीवर होते. टेलिफोनची लाइन तुटली म्हणून रात्री जोडायला गेले. तेवढ्यात आपली माणसं मुनव्वर तवी नदीच्या अलीकडं आली आणि आप्पा दोघा जणांबरोबर पलीकडंच राहिले. एवढीच त्यांची गोष्ट. हातात पक्कड होती, असं ते मला म्हणाले होते. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की ते मला सांगत होते, माझ्या हातात त्या वेळी बंदूक नव्हती गं.

तार आली ती 'बेपत्ता' म्हणून. मी १९ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. घरात रोज चर्चा, हिचं कुंकू ठेवायचं का पुसायचं. तुझी आजी उंबऱ्यात बसून म्हणाली, माझा पोरगा मेल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही, हिच्या कपाळाला कुणी हात लावला तर बघा. त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत हे तुम्हा पोरांना कधी समजलंच नाही, तुम्हाला फक्त तिची चिडचिड आठवते. पाडव्याच्या आधी रेड क्रॉसचं कार्ड आलं. चार ओळी होत्या. शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवल्या, कारण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात मी अक्षरं गिरवायला घेतली. पुढं अंगणवाडीत ३० वर्षं मुलांना शिकवलं, त्याची सुरुवात ते कार्ड आहे.

आणि ते वर्ष कोणतं तर ७२ चं. पाऊस नाही. खटाव-माणमधली सगळी माणसं दुष्काळी कामावर. मी पण खडी फोडत होते, वाटणीला सुकडी आणि घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. कामावर बाया विचारायच्या, पाकिस्तानची ९३,००० माणसं आपल्याकडं धरलेत म्हणतात, मग आपली मूठभर माणसं ते सोडत का नाहीत? गुरुजी सांगायचे, जुलैत सिमल्याला करार झालाय, आता सोडतील. सोडलं ते १ डिसेंबरला, वाघा सीमेवरून, सहाशेच्या वर माणसं एका दिवशी. आप्पा पाकिस्तानातल्या लायलपूरच्या कैद्यांच्या कॅम्पातून आले. तिथून लगेच घरी नाही सोडलं. आधी तपासणी, मग विचारपूस. कुठं सापडलास, कसा सापडलास, काय सांगितलंस. मग रजा.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. स्टँडवर हलगी, लेझीम, गुलाल. गावात प्यायला पाणी नाही आणि लोकांनी त्यांच्या पायावर घागर ओतली. ते मी कधी विसरणार नाही, गावाला नावं ठेवताना सुद्धा ते आठवते. पाच बायांनी ओवाळलं. मी मागं उभी होते. मला ते ओळखूच आले नाहीत, कारण मिशा नव्हत्या. कॅम्पात उवा झाल्या म्हणून सगळ्यांनीच काढल्या होत्या.

आठ दिवस हार झाले. नवव्या दिवसापासून मिशांची गोष्ट सुरू झाली. पारावर एक जण म्हणाला, तिकडं उतरवून घेतली वाटतं. दुसऱ्यानं विचारलं, हात वर केले तेव्हा दोन्ही केलेस का एक? हसण्यावारी, बरं का. वाईट माणसं नव्हती ती, त्यातल्याच एकानं आमच्या विहिरीच्या वेळी पहिला हात दिला. कामावर एक बाई मला म्हणाली, बाकीचे गेले, तुझाच कसा वाचला गं? मी हातोडी खाली ठेवून घरी आले. आप्पांना सांगितलं नाही. पण त्यांनी पुन्हा कधी मिशा ठेवल्या नाहीत, आणि पारावरून जायचं सोडून मळ्याच्या वाटेनं जायला लागले. तुला वाटायचं ती वाट जवळची आहे. ती लांबची आहे, बाळा.

आता पिल्लू काय करतोय सांगते. शाळेत जाताना काजळानं अभिनंदनसारख्या मिशा काढून मागतोय. केशकर्तनालयात तरुण पोरं तशाच मिशा कोरून घेतायत. मला आनंद झाला. खरंच झाला. वाटलं, पकडला गेलेला माणूस परत येतो आणि पोरं त्याच्यासारखं दिसायला बघतात, हे आप्पांनी बघायला हवं होतं. आणि लगेच भीती वाटली, की याचा नववा दिवस कधी येणार? आजच टीव्हीवर एक जण बोलत होता, त्यानं आत काय सांगितलं असेल, कागदपत्रं गिळली तर किती गिळली. दोन दिवस झाले नाहीत रे.

म्हणून सांगते, तू तसं बोलायचं नाहीस. बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि आलेच तिथं.

"मी असा सापडणार नाही. शेवटची गोळी माझ्यासाठी असते." हे तू आईला सांगतोस? आप्पांच्या पोरानं सांगावं? तुला आप्पांची लाज वाटते का? नाही, हे मी खोडायला हवं. तुला लाज वाटत नाही, मला माहीत आहे. त्यांच्या शेवटच्या आजारपणात तू सव्वीस दिवस हॉस्पिटलच्या जमिनीवर झोपलास. रागात लिहिलं. पण खोडत नाही, कारण त्या रात्री माझ्या मनात हेच आलं होतं.

तू म्हणालास, कालियासाहेबांचं काय झालं विसरलीस का. विसरले नाही. कारगिलला पाकिस्तानच्या हाती सापडलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान, १९९९ च्या जूनमध्ये त्यांचे देह कसे परत आले ते पेपरात आलं तेव्हा आप्पांनी पेपर घडी करून कपाटाच्या मागं टाकला होता, मी वाचू नये म्हणून. त्याच्या थोडेच दिवस आधी, ३ जूनला, तसाच सापडलेला आपला वैमानिक नचिकेता सुटला होता, आणि त्या दिवशी आप्पांनी स्वतःहून साखर आणून सगळ्यांना चहा पाजला होता. एकाच महिन्यात दोन्ही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. मी फक्त एवढं म्हणते, की पुढं काय होणार ते तुला आधी कळणार नाही. आप्पांनाही कळलं नव्हतं. ते थांबले, म्हणून तू झालास.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी तू भरती झालास. आप्पा तुला सोडायला स्टँडवर आले नाहीत, त्याचा राग तू धरलास. ते मळ्यात बांधावर बसले होते, एसटी दिसते तिथं. गाडी वळणावरून जाईपर्यंत उभे राहिले, आल्यावर मला म्हणाले, "पाठ माझ्यासारखीच आहे त्याची." बस. अभिमान होता का भीती, मी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली. आप्पा परत आले त्याच महिन्यात शेजारच्या गावातून एक म्हातारी चालत आली. तिचा मुलगा पण बेपत्ता होता. आप्पांच्या तोंडावरून हात फिरवून तिनं विचारलं, "तुला तिकडं माझा दिसला का?" आप्पा नाही म्हणाले. मग ते दरवर्षी दिवाळीत तिच्याकडं जायचे, ती दरवर्षी तेच विचारायची. पेपरात ७१ च्या लढाईतल्या त्या ५४ बेपत्ता माणसांबद्दल काही आलं की आप्पा अर्धा दिवस बोलायचे नाहीत. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातलग तिकडचे तुरुंग बघून आले, कुणी सापडलं नाही. म्हातारी त्याच्या कितीतरी आधी गेली. बाळा, मी तिच्यासारखी आई होऊ शकत नाही. माझ्यात तेवढा दम नाही.

आणि अजून एक आठवलं, तेही लिहून टाकते. १९७४ च्या एप्रिलमध्ये रेडिओवर सांगितलं की पाकिस्तानचे शेवटचे कैदी पण परत गेले. आप्पा भाकरी खात होते. म्हणाले, "यांच्या गावात हलगी वाजली असेल का गं?" मला राग आला. आपली माणसं मारलेल्यांची काळजी कशाला करायची? ते काही बोलले नाहीत, ताक मागितलं. आता मी त्यांच्या त्या वयाच्या दुप्पट झाले, आता मला तो राग येत नाही.

गोळ्या वेळेवर घे, बीपीची विशेषतः. थंडीत पायमोजे ओले ठेवू नकोस. नव्या पोरांवर ओरडतोस असं सूनबाई सांगत होती, ओरडू नकोस. आणि ते गोळीचं वाक्य त्या पोरांसमोर तर मुळीच बोलू नकोस. वीस-बावीस वर्षांची असतात, साहेब जे बोलतो ते खरं धरतात. त्यांना ते दुसरं पाठ करून घे, आप्पांचं. नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख. बघ, पुन्हा अंगणवाडीची बाई झाले. तू सुभेदार होशील आता, मी तुला काय शिकवणार. माफ कर.

तू जसा येशील तसा ये. मिशा असोत, नसोत, हार असोत, नसोत. स्टँडवर कुणी आलं नाही तर मी येते. गुडघे दुखतात, पण येते. आणि नवव्या दिवशी पारावर कुणी काही बोललं, तर या वेळी मी हातोडी खाली ठेवून घरी येणार नाही.

सूनबाईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी तुला कडब्याचं लिहितेय. पत्र मिळालं की फोन कर. त्या वाक्याबद्दल बोलू नकोस, माफी पण मागू नकोस, मला रडू येईल आणि तिला कळेल. नुसतं म्हण, "आई, पत्र मिळालं."

तुझी,
आई