नऊची चर्चा सोडली, सकाळचं बातमीपत्र घेतलं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आई रडते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहायलाच बसले. चॅनेलवरच्या रात्री नऊच्या चर्चेवरून मला कोणी काढलेलं नाही. सकाळचं बातमीपत्र मी मागून घेतलंय. "बाजूला टाकलं" असं काकू फोनवर म्हणाली. ते आपल्याच घरून तिच्यापर्यंत पोचलं असणार. तिला नीट सांगा.

बाबा, तुमचं एकच पालुपद. बातम्या देताना प्रदीप भिडे कधी ओरडले का? नाही ओरडले. 1974 पासून चार दशकं दूरदर्शनवर तोच स्वच्छ, ठाम आवाज. पण त्यांच्यापुढे आठ चौकटींत आठ माणसं बसवलेली नव्हती. संध्याकाळच्या बातम्या वाचल्या की काम संपलं. 2007 मध्ये चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि अख्खा दिवस भरायची वेळ आली. त्यात चर्चा सगळ्यात स्वस्त. वार्ताहर धाडायला नको, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन नको, पाहुणे घरात बसूनच जोडले जातात.

मी समोरच्याला बोलू देत नाही म्हणता ना, तर तेव्हा माझ्या कानात काय चाललेलं असतं ऐका. पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओमागच्या कंट्रोल रूममधून, प्रोड्यूसर सांगत असतो, "याला तोड", "तीन नंबरवर जा, तो चिडलाय", "ब्रेकला वीस सेकंद". प्रवक्त्याचं जे वाक्य मी तोडते, ते मीही पुरतं ऐकलेलं नसतं. चेहरा मात्र ऐकत असल्यासारखा ठेवायचा, आणि जॅकेटच्या आत कमरेला माइकचं ट्रान्समीटर रुतत असतं.

आमच्याकडे सगळं खापर टीआरपीवर फोडतात. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणतं चॅनेल किती पाहिलं गेलं ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि न्यूजरूमचा मूड ठरतो, हे खरंय. पण ऑक्टोबर 2020 पासून जवळजवळ दीड वर्ष वृत्तवाहिन्यांचे आकडे बंदच होते. तेव्हा आरडाओरडा कमी झाल्याचं तुम्हाला आठवतंय? मला तरी नाही. सवय लागली की आकडे लागत नाहीत.

मला खरं काम कशाला म्हणतात ते कळलं जुलै 2021 मध्ये. वाशिष्ठी नदी आपल्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तुमचे फोन बंद, आणि टेलिप्रॉम्प्टरवर माझ्यापुढे "चिपळूण" सरकत होतं. वाचत राहिले. महामार्ग कुठे बंद, एनडीआरएफची पथकं कुठवर आली, मदतीसाठी कोणत्या नंबरवर फोन करायचा. कानात कोणी "याला तोड" म्हणत नव्हतं. पुण्या-मुंबईत अडकलेली आपली माणसं तेवढंच ऐकायला टीव्हीपुढे बसली होती, आणि त्यांच्यात मीही होतेच की. तुमचा फोन लागला तो नंतर. पण त्या दिवसानंतर नऊच्या खुर्चीत माझं मन लागेना.

पगार तेवढाच राहील. बाहेरच्या कार्यक्रमांची निवेदनं कमी मिळतील, कारण ती नऊच्या चेहऱ्यालाच मिळतात. आई, पहाटे तीनला ऑफिसची गाडी येते, एकटी जात नाही. मेकअप, मग स्क्रिप्ट. गावांची नावं मी स्वतः तपासते. कळवण आणि कळवा यांत गोंधळ करणारी मुलं डेस्कवर आहेत, काय करणार! बुलेटिन झालं की दुपारपर्यंत रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावायला शिकतेय. पडद्यावर बाईचं वय पुरुषापेक्षा लवकर मोजलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. डेस्कचं काम हाताशी असलेलं बरं.

गणपतीला नक्की येतेय, गौरी-विसर्जन करूनच निघेन. अनंत चतुर्दशीला मात्र सुट्टी मागायची सोय नाही. लालबागच्या राजाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालते, म्हणजे ती माझ्याच बातमीपत्रात येणार.

बातम्या सहाला असतात. डिशचा रिचार्ज संपत आलाय, मी इथून करते. आणि बाबा, उच्चार चुकला तर लगेच मेसेज टाका, ब्रेकमध्ये वाचीन.

तुमची,
ताई