मंत्रिमहोदय, दहा मिलीच्या कुपीचं काय झालं?

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

आमच्या सरकारी रुग्णालयात एमआरआयची फीत कापायला आपण आला होता. आता तपासणीसाठी कुणाला बाहेर पैसे मोजावे लागणार नाहीत, असं आपण ठासून सांगितलंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. परवा त्याच मशीनच्या दारात माझ्या हातात चिठ्ठी ठेवली: गॅडोलिनियम 10 मिली, बाहेरून आणा.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि डोळ्याच्या नसांवर उलटते. वह्या तपासायची लाल शाई उजव्या डोळ्याला विटकी दिसते, फळ्यावरचं माझंच अक्षर मला लागत नाही. साध्या एमआरआयमध्ये मेंदूतले पांढरे डाग दिसतात. पण त्यातला जुना व्रण कुठला आणि आत्ता पेटलेली सूज कुठली, हे नीट कळत नाही. म्हणून शिरेतून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत फरक उठून दिसावा म्हणूनचं औषध, देतात. सूज असते तिथे रक्तवाहिन्यांचा बंदोबस्त सैल पडलेला असतो. तिथून ते झिरपतं आणि तेवढीच जागा उजळते. बहुतेकदा ही खूण काही आठवडेच टिकते. आपली खरेदीची फाइल किती आठवडे फिरते, ते आपणच सांगा! शिवाय सुजेवरचा उपचार म्हणून स्टिरॉइड सुरू केलं की उजळणं मंदावतं. मग कुपी येईपर्यंत मी डोळा तसाच जाऊ द्यायचा का?

दुकानात भाव अडीच हजार, आणि महिनाअखेर. शेवटी तसाच एमआरआय काढला. रिपोर्टची शेवटची ओळ काय, तर ‘कॉन्ट्रास्ट स्टडी ॲडव्हाइज्ड’. ज्यांच्याकडे कॉन्ट्रास्ट नाही, तेच मला कॉन्ट्रास्ट करून घ्यायचा सल्ला देतात!

मशीनचे लाड मात्र व्यवस्थित चालू आहेत. चुंबकाला उणे 269 अंशांचं द्रव हेलियम, खोलीला रात्रंदिवस एसी. बाहेर बाकावर आम्ही, आणि वरचा पंखा बंद. कुपीची फीत कापता येत नाही, फोटो निघत नाही, हेच खरं दुखणं.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की राज्यांनी बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्चावा, तोही 2020 पर्यंत. आपलं राज्य पाचाच्या आतबाहेर घुटमळतंय असं वाचलं. बरं, सहा म्हणा. आठ तर नाहीत ना? 2016 च्या कायद्याने माझा आजार दिव्यांगांच्या यादीत घातला, पण प्रमाणपत्रासाठी हेलपाटे चुकले नाहीत. निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश तेवढा बिनचूक घरपोच येतो. तेव्हा हाच डोळा चालतो! आणि पुढाऱ्याला साधा ताप आला तर गाडी कुठल्या दवाखान्याकडे वळते, हे आमच्या तिसरीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

कॉन्ट्रास्ट आणि त्याआधीची क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची, तपासणी रुग्णालयातच, फुकट झाली पाहिजे. टेंडर रखडलं असेल तर स्थानिक खरेदी करा. सोमवारी मला परत बोलावलंय, तोवर कुपी स्टोअरला यायला हवी. ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे’ हे उत्तर कृपया पाठवू नका. ते मागच्या अर्जाचं माझ्याकडे आहे.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका