सूचना : तिसऱ्या मजल्यावरील एक बेडरूमचा फ्लॅट विक्रीस

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरील वन बीएचके फ्लॅट मूळ मालक विकत आहेत. सागवानी दारे, नवे मॉड्युलर किचन आणि शनिवारवाड्याकडे उघडणारी बाल्कनी. शनिवार पेठेत असा देखणा, नीट राखलेला फ्लॅट क्वचितच मिळतो. ओळखीत कोणी राहण्यासाठी घर शोधत असेल तर जरूर सांगा. कायम राहणारे कुटुंब आले तर आपल्या सर्वांनाच आनंद होईल.

मात्र ग्राहकाला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. आपली इमारत या नियंत्रित क्षेत्रात येते. त्यामुळे गच्चीवर खोली किंवा वाढीव बांधकाम परवानगीशिवाय करता येणार नाही. पुढे रिडेव्हलपमेंटची वेळ आली तरी हाच नियम लागू राहील. हे लपवून व्यवहार करणे आम्हाला मान्य नाही.

हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५,००० रुपये; त्यावर देणगी म्हणून सोसायटी एक रुपयाही घेणार नाही. खरेदीखत घरातील स्त्रीच्या नावे झाल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हेही सांगा.

फ्लॅट पाहण्यासाठी सचिवांकडून वेळ ठरवून घ्यावी. एजंटांना परस्पर वर पाठवू नये.

– सचिव, व्यवस्थापक समिती