कोलविलिया ओळखणाऱ्या माळीकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मागच्या भिंतीलगतचं कोलविलियाचं झाड यंदा दसऱ्याच्या सुमारास फुललं आणि अजून उभं आहे. फुललं ते त्याचं त्यानं. उभं आहे ते तुमच्यामुळे.

उन्हाळ्यात काय चाललं होतं ते तुम्हाला मी अर्धवटच सांगितलं होतं. फाटकाजवळचा गुलमोहर मे महिन्यात लालभडक, आणि हा मागचा नुसता हिरवा. पानं बघावीत तर जवळपास तशीच. मग कमिटीनं ठरवून टाकलं की हा बिघडलेला गुलमोहर. पावसाळा सरताना त्याला फुलं यायची, नाही असं नाही. पण ती दिसली की लोक म्हणायचे, 'याचं डोकं फिरलंय.' त्या जागेत दोन गाड्या आरामात मावतात, ही गोष्ट कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. 1975 च्या कायद्यामुळे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि 'रोगट' म्हटलं की काम सोपं होतं हे आता सगळ्यांना पाठ झालंय.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल न लिहिलेलं बरं, पण लिहितेच. एक गृहस्थ चकचकीत कार्ड देऊन, फी घेऊन गेले. गाडीतून उतरले, वर बघितलं, 'गुलमोहर. आतून पोखरलाय. काढा,' म्हणाले आणि परत गाडीत बसले. खोडाला साधा हातसुद्धा लावला नाही. एका मोठ्या नर्सरीत फोटो दाखवला, तर तिथल्या माणसानं तो न बघताच 'त्यापेक्षा अशोक लावा, सरळ वाढतो, कचरा नाही' असा सल्ला दिला. त्याचा अशोक म्हणजे आसुपालव, खरा अशोक नव्हे, हे वेगळं सांगायला नको. खऱ्या अशोकाचे, म्हणजे सीताअशोकाचे, केशरी गुच्छ त्या माणसानं आयुष्यात कधी पाहिले असतील का, देव जाणे. मोबाइलमधल्या ॲपनं एकाच फांदीला दर वेळी नवं नाव दिलं. आणि ज्या कार्यालयात झाडांची नोंद असते तिथे यादीत लिहिलेलं होतं 'गुलमोहर', तेव्हा तो गुलमोहर. यादीपुढे झाडाचं काय चालणार!

तुम्ही ड्यूटी संपवून सायकलवर आलात. वर बघायच्या आधी खाली बघितलंत. उकिडवे बसून पाचोळा चाळायला लागलात. मला वाटलं काही पडलंय तुमचं. तेवढ्यात आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशी बादली घेऊन निघाल्या होत्या. तुम्ही त्यांना थांबवलंत आणि विचारलंत, "ताई, या झाडाखाली तुम्ही वर्षभर काय काय झाडता?"

काका, हे पत्र खरं तर त्या एका प्रश्नासाठी आहे.

मावशी बारा वर्षं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना कचरा नीट उचलला नाही म्हणून विचारलंय, उशीर का झाला म्हणून विचारलंय. झाडाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. त्या आधी जरा बिचकल्या. मग बादली खाली ठेवली आणि सांगत सुटल्या. "मे महिन्यात ह्याच्याखाली काय नसतं. पुढच्या झाडाखाली लाल पाकळ्यांचा खच, तिकडंच माझी कंबर मोडती. ह्याचं दसऱ्याला सुरू हुतं. शेंदरी, बारकं बारकं. पाकळी अशी पसरट नसतीच. आन् शेंगा पन निराळ्या. त्याच्या हातभर लांब, चपट्या, चुलीला बऱ्या. ह्याच्या आखूड, फुगीर."

पाचोळ्यात तुम्हाला जुन्या शेंगेचं एक फाळकं सापडलंच होतं. ते तुम्ही मावशींच्या हातावर ठेवलंत. "हीच ना?" "हीच की."

मग तुम्ही म्हणालात, "हा कोलविलिया असणार. पण फुललेला बघितल्याशिवाय मी लिहून देणार नाही." आधी आलेल्या एकाही तज्ज्ञाला हे वाक्य सुचलं नव्हतं. बघितल्याशिवाय सांगणार नाही! आणि हे कमिटीच्या सेक्रेटरींच्या तोंडावर, त्यांना त्याच दिवशी कागद हवा असताना.

त्यानंतर तुमची आणि मावशींची जी जुगलबंदी चालली ती मी नुसती ऐकत उभी होते. कुठल्या झाडाखाली कधी काय पडतं याचं त्यांच्याकडे वर्षाचं कॅलेंडरच आहे. रस्त्यावरच्या वर्षावृक्षाच्या शेंगा चिकट, खराट्याला बसतात, म्हणून त्याच्यावर राग. काटेसावरीची फुलं जड, ती पडून सडायच्या आत उचलायची, नाहीतर माणूस घसरतो. सोनमोहराचा पिवळा सडा हलका, पण वाऱ्यानं पुन्हा पसरतो. बुचाची फुलं मात्र त्या झाडून टाकत नाहीत, ओंजळभर घरी नेतात. लांब देठांची ती पांढरी फुलं एकमेकांत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी होते आणि नातीला ती आवडते. तुम्ही प्रत्येक झाडाचं नाव सांगत होतात, त्या त्याचा महिना सांगत होत्या.

नवरात्रात कळ्या धरल्या तेव्हा मी तुम्हाला निरोप पाठवला. खरंच आलात. गोल, मखमली, शेंदरी कळ्यांचे घोस फांद्यांच्या टोकांना द्राक्षांसारखे लोंबत होते, आणि देठाकडून टोकाकडे एकेक कळी उमलत होती. उमलली तरी पाकळ्या गुलमोहरासारख्या ऐसपैस पसरत नाहीत, पिवळे केसर तेवढे बाहेर येतात. दोन्ही झाडं मादागास्करची, गुलमोहराप्रमाणे हेही शोभेसाठी जगभर फिरलेलं, हे तुम्हीच सांगितलंत. मी घरी जाऊन आणखी वाचलं. बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं दोघांचंही शास्त्रीय नामकरण केलं आणि ह्याला नाव दिलं ते मॉरिशसच्या गव्हर्नर कोलविलचं. म्हणजे बिघडलेला गुलमोहर वगैरे काही नाही. त्याचा हंगामच हा.

सोसायटीच्या बैठकीत तुम्ही दोनच वाक्यं बोललात. "झाड निरोगी आहे. ते कुठलं आहे हे मला या ताईंनी सांगितलं, मी फक्त नाव घातलं." मावशी तेव्हा दाराशी उभ्या होत्या. कमिटीतल्या दोघातिघांनी मान वळवून बघितलं, आणि मग कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत, ते सोडा. पण खुर्ची सरकली.

तुमच्याकडे नोकरीचा कागद कंत्राटी, हातात कुठली पदवी नाही, हे तुम्हीच हसत सांगितलंत. काका, ज्यांच्याकडे पदव्या होत्या त्यांनी आमचं झाड मान वर करून अर्धा मिनिट पाहिलं. तुम्ही पैसे नाकारलेत, सायकलला लावलेली पिशवीही रिकामीच परत नेलीत. त्या आठवड्यात मी जेवढ्यांना हे सांगितलं तेवढ्यांनी 'अशी माणसं आता राहिली नाहीत' असं म्हणून सुस्कारा टाकला. मला या वाक्याचा राग येतो. राहिली आहेत की. तुमच्याच बागेत सकाळी सातपासून पाणी घालत असतात.

पाटी लावायचं ठरलंय. त्यावर नाव काय लिहायचं ते तुम्ही मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून द्या, कारण रंगवणाऱ्यानं पहिल्याच खेपेला 'कोल्हापुरिया' करून ठेवलं.

आणि शेंगा वाळल्या की मावशी त्या वेगळ्या ठेवणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. रोपं करून बघतो म्हणाला होतात ना? पिशवी घेऊन या. या वेळी मात्र जेवायला थांबायचं; मागच्या खेपेस चहासुद्धा अर्धा टाकून गेलात.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, मागच्या बाल्कनीवाली