काट्यावर भरवसा नसलेल्या अण्णांना

ॲन आर्बर, मिशिगन
८ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "पोरी, तू तिथं नक्की करतीस काय?" मी "सेन्सरवर काम" म्हणून वेळ मारून नेली. आईच्या "बरं बरं"वरनं कळलं, काही पोचलं नाही. आज बाहेर गुडघाभर बर्फ आहे, म्हणून निवांत लिहिते.

२०२१ मध्ये आजीच्या बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा चिमटा, आठवतोय? गल्लीत मिळून एकच होता. आजीचा आकडा येईचना. आई, तू तिचे हात चोळून गरम केलेस तेव्हा आला, ९४. बोट गार पडलं की रक्त कमी पोचतं, ठोका सापडत नाही, आणि ठोका नाही तर ते यंत्र आंधळं. माझं काम त्याच चिमट्यावर आहे.

आत दोन दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा (हे उजेडाच्या लहरीच्या लांबीचं माप). दुसरा डोळ्याला न दिसणारा, ९४० चा. ऑक्सिजन असलेलं रक्त लाल उजेड बराचसा जाऊ देतं, नसलेलं तो गिळतं. पण कातडी, मांस, हाडंही उजेड अडवतात, मग त्यातनं रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? ते सुचलं ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरला. ते निहोन कोहडेन कंपनीत हृदय किती रक्त फेकतं ते मोजत होते, रक्तात रंग सोडून. नाडीचे ठोके मधे येऊन आलेख बिघडवायचे. ते घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की ठोक्यासरशी बदलतं ते धमनीतलं रक्त, बाकी सगळं स्थिर! पाखडून टाकायला निघाले त्यातच दाणे. हे १९७४ चं. मला ही गोष्ट कितीदाही सांगायला आवडते.

आता अण्णा, तुमचा विषय. उसाची ट्रॉली तुम्ही आधी बाहेरच्या काट्यावर घालता, मगच कारखान्यावर नेता. आमचाही काटा असाच पडताळावा लागतो. निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देत रक्तातलं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, धमनीतनं रक्त काढून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. ही माणसं कोण? अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान १० जण पुरत, त्यात गडद कातडीचे किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. कातडीचा रंग स्थिर, म्हणून हिशेबातनं गळून जाईल असं मानलेलं. पुरता गळत नाही. २०२० मध्ये इथल्याच डॉक्टरांनी जुन्या नोंदी ताडल्या. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात खरं प्रमाण ८८ च्या खाली होतं, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के तपासण्यांत निघालं. काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के.

यालाच तुम्ही काटा मारणं म्हणता. फक्त इथं मुद्दाम कुणी मारलेला नाही, आणि वजन कमी नाही, जास्त दाखवतो. म्हणजे माणूस गुदमरतोय आणि यंत्र म्हणतंय, ठीक आहे. २०२५ च्या जानेवारीत नव्या सूचनांचा मसुदा आला, त्यात १५० किंवा अधिक माणसं घ्या म्हटलंय.

आजीचं ते ९४ खरं किती होतं, हे रात्री कधी कधी मनात येतं. असो, ती बरी झाली.

चिमटा तपासायला आम्ही सिलिकॉनची खोटी बोटं करतो, आत बारीक नळी, पंपानं ठोके. रंग कालवताना "नक्की कुठली छटा?" असं सरांनी विचारलं, तेव्हा मी उसाच्या लावणीच्या वेळचा अण्णांचा फोटो काढून दाखवला. त्या बोटाला आता सगळे अण्णा म्हणतात. इथले लोक "ॲना" म्हणतात, पोरीचं नाव वाटतं. मंगळवारी अण्णांची नळी फुटली आणि टेबलभर लाल पाणी. राग मानू नका, दुसरं बोट ओतून ठेवलंय.

आजीला नमस्कार.

तुमची,
सुमी