लुंबिनीच्या दाइंना, जय भीम

आदरणीय दाइ,

सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.

नेपाळीत मोठा भाऊ म्हणजे दाइ. आमच्याकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई. बुद्धाचं जन्मस्थान दाखवणाऱ्याला दोन्ही अर्थ शोभतात, म्हणून हेच संबोधन राहू द्या. तुमचं नाव पत्रात नको, हे तुम्हीच बजावलं होतं. विदर्भातून धम्मसहली आणणारे आम्ही सगळे मिळून हे आभार उघड्यावर मानतो आहोत, कारण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी पुढच्या सहलींनाही कळायला हव्यात.

'नेपाळला व्हिसा लागत नाही' या वाक्याने फार घोटाळे होतात, हे तुमचं म्हणणं आता आम्ही सहलीच्या पहिल्याच बैठकीत सांगतो. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयांना व्हिसा नाही, हे खरं. पण ओळख पटवावी लागते, आणि त्यासाठी दोनच गोष्टी धरल्या जातात: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालतं ते 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना. मधल्या वयाचा माणूस नुसतं आधार घेऊन विमानतळावर गेला तर तिथूनच परत फिरतो. 15 ते 18 वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं, आणि ते ऐन दिवाळीच्या सुट्टीत मागायला गेलं तर शाळेला कुलूप असतं.

मतदार ओळखपत्रात आमच्या लोकांची आणखी एक गोची असते. कार्डावर आडनाव आधी, तिकिटावर शेवटी. लग्नानंतर बाईचं आधारवरचं नाव बदललेलं, मतदार कार्डावर मात्र माहेरचंच. विमानाचं तिकीट काढताना नाव मतदार कार्डावरून उतरवायचं, आधारवरून नाही, हा तुमचा नियम. कार्डही मूळच हवं, मोबाइलमधला फोटो नको. दुबईत नोकरी करणारा भाऊ तिथून थेट काठमांडूला उतरणार असेल, तर त्याला पासपोर्टच लागतो. मतदार कार्ड फक्त भारत आणि नेपाळ यांच्यातल्या प्रवासापुरतं.

रस्त्याने जाताना सोनौलीच्या सीमानाक्यावर मात्र उलटा धोका आहे. सीमा खुली, गर्दी अफाट, भारतीयाला बऱ्याचदा कोणी हटकतही नाही. त्यामुळे सोबतची अमेरिकन पासपोर्टवाली भाचीही सगळ्यांबरोबर कमानीखालून चालत पलीकडे जाते. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी नेपाळच्या दृष्टीने ती परदेशीच. तिने आधी भारतीय इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा (हे कार्यालय दुकानांच्या रांगेत असल्याने चटकन नजरेत भरत नाही), मग नेपाळी बाजूला व्हिसा: 15 दिवसांचे 30 डॉलर, 30 दिवसांचे 50, 90 दिवसांचे 125. डॉलर रोख आणि कोरे करकरीत हवेत. अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत नेली की रांगेतला वेळ वाचतो, पण तो भरल्यापासून 15 दिवसच चालतो. शिक्का चुकला तर तेव्हा काहीच कळत नाही. कळतं ते देश सोडताना, आणि तेव्हा दंड, जाबजबाब, चुकलेलं विमान असं सगळं एकदम अंगावर येतं. लुंबिनीला जवळचा म्हणून ककरहवा नाका सुचवला जातो, पण तो भारतीय आणि नेपाळी लोकांसाठी. भाची सोबत असेल तर सोनौलीच.

गाडी घेऊन येणाऱ्यांना तुम्ही भन्सारची, म्हणजे नेपाळी कस्टम्सची, पावती परतीपर्यंत जपायला सांगता, आणि गाडीच्या परवान्याचे दिवस मोजताना एक जास्तीचाच धरायला. थंडीत तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सखल पट्ट्यात, धुकं पडलं की तो दिवस हमखास लागतो. पैशांचं सोपं आहे: भारतीय 100 रुपये म्हणजे नेपाळी 160. शंभराच्या नोटांवर कोणी वाद घालत नाही, तेव्हा त्याच न्याव्यात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला मात्र लोक हटकून विसरतात.

आता खरे आभार मानायचे ते लुंबिनी उद्यानातल्या तुमच्या सकाळीबद्दल. पहाटे आधी मायादेवी मंदिर, शांतिस्तूप आणि देशोदेशीचे विहार नंतर, हा क्रम तुमचा. जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांच्या 1978 च्या आराखड्यात उद्यान दक्षिणेला आणि शांतिस्तूप पार उत्तरेला आहे, मध्ये लांबलचक कालवा. कालव्याच्या पूर्वेला थेरवादी पंथाचे विहार, पश्चिमेला महायान आणि वज्रयान पंथांचे. एवढी पायपीट आधी झाली तर आजीबाई मंदिरात पोचेपर्यंत थकलेल्या असतात. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि एप्रिल-मेमध्ये फरशी पाय भाजून काढते, म्हणून जाड मोजे. आत फोटो काढायला मनाई. लाकडी पुलावरून चालताना लोक समोर बघत राहतात. जन्मस्थानाची खूण मानलेली शिळा खाली, काचेखाली आहे आणि मायादेवीचं शिल्प वर, झिजून जवळपास सपाट झालेलं. दोन्ही आधी सांगून ठेवली नाहीत तर माणूस काहीच न बघता बाहेर येतो. आणि वंदना आत मोठ्याने म्हणायची नाही, बाहेर पुष्करिणीजवळच्या झाडाखाली बसून म्हणायची, म्हणजे मागची रांग अडत नाही.

अशोकस्तंभापाशी तुम्ही लेख वाचून दाखवता ती दहा मिनिटं आम्हाला सगळ्या सहलीत मोलाची वाटतात. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः आला, 'हिद बुधे जाते', म्हणजे इथे बुद्ध जन्मले. मराठी कानांना 'जाते' ओळखीचं वाटतं. त्याखाली लुंबिनी गावाला बळी नावाचा कर माफ आणि 'अठभागिये', म्हणजे आठवा हिस्साच द्यायचा. करमाफीचा एवढा जुना दगड समोर असताना लोक त्यावर नाणी फेकतात, सोन्याचा वर्ख लावतात, अत्तर शिंपडतात. दगडाला ते बाधतं. तुम्ही रागावता ते योग्यच करता. स्तंभावर वरच्या बाजूला 1312 सालच्या रिपुमल्ल राजाचं नाव कोरलेलं आहे, तेही आम्हाला तुमच्यामुळेच दिसलं.

सिद्धार्थांचं कपिलवस्तू नगर मानल्या जाणाऱ्या तिलौराकोटला बस थांबवायची की नाही, यावर दर वेळी वाद होतो. लुंबिनीपासून जेमतेम 27 किलोमीटर, पण बघायला विटांचे पाये, खंदक आणि माती, म्हणून लोक नाक मुरडतात. पूर्वद्वारावर उभं करून, सिद्धार्थ घर सोडून निघाले ते इथून असं मानतात, एवढंच तुम्ही सांगता आणि गप्प राहता. कपिलवस्तू हेच की सीमेपलीकडचं पिपरहवा, हा वादही लपवत नाही. 1898 साली तिथल्या स्तूपात सापडलेल्या अस्थिकलशाबद्दल विचारलं तर नीट उत्तर देता. तिथून निगलिहवाचा आडवा पडलेला स्तंभ, बुद्ध आणि त्यांचे वडील शुद्धोदन यांच्या भेटीचं कुदान आणि गोटिहवाचा स्तंभाचा बुंधा, एवढं एका दिवसात होतं, फक्त सकाळी सातला निघायला हवं.

यंदाची यादी करताना मतदार कार्डांच्या प्रती आम्ही आधीच गोळा केल्या आहेत. तीन जणांच्या नावांत फरक निघाला; तिकिटं अजून काढलेली नाहीत.

आपले,
विदर्भातले धम्मसहलवाले